खुळ्या लॉटीचा शहाणा नवरा

लॉटी क्विलला लोक खुळी समजत, आणि त्यात लोकांचा काही दोष नव्हता. लोकांनी तसं समजावं म्हणूनच तिला पगार मिळत होता. न्यूयॉर्कमध्ये ती राहायची त्या गल्लीतला भाजीवाला तिला कोबी आणि सॅलडच्या पानांतला फरक समजावून सांगे. खाटीक विचारी, "बाई, हे शिजवायचं असतं बरं का?" लॉटी मुळात खाटकाचीच मुलगी. ओहायोतल्या डेटन गावात बापाच्या दुकानात सॉसेजं भरता भरता ती लहानाची मोठी झाली होती. पण ती डोळे विस्फारून म्हणे, "शिजवायचं? बरं झालं सांगितलंत, मी तसंच वाढणार होते." खाटीक खूश, रांगेतली गिऱ्हाइकं खूश, आणि लॉटीची तालीम फुकटात होऊन जायची.

विनोदी जोडीच्या धंद्यात एक शहाणा लागतो आणि एक खुळा. शहाण्यानं सरळ तोंडानं प्रश्न विचारायचा, खुळ्यानं वाकडं उत्तर द्यायचं आणि लोकांनी हसायचं. बघणाऱ्याला वाटतं, सगळी करामत खुळ्याची. धंद्यातल्या माणसांना विचारा. खुळे पैशाला पासरी मिळतात, चांगला शहाणा मिळायला नशीब लागतं. म्हणूनच जुन्या रिवाजाप्रमाणे पाटीवर नाव आधी शहाण्याचं यायचं. हशा सांभाळायचं काम त्याचं. लोक हसायला लागले की थांबायचं. हशा चढतो, माथ्यावर येतो, मग उतरायला लागतो. तो पुरता विझायच्या आत, पण पुढचं वाक्य ऐकू जाईल इतपत खाली आल्यावर शहाण्यानं तोंड उघडायचं. उशीर केला तर प्रयोग गार पडतो. घाई केली तर हशा तुडवला जातो, आणि हशा तुडवण्यासारखं पाप या मंडळींत दुसरं नाही. दारू पिऊन रंगमंचावर आलेल्याला माफी आहे. दुसऱ्याची बायको पळवणाऱ्यालाही दोनचार वर्षांनी माफी मिळते. हशा तुडवणाऱ्याच्या शेजारी मात्र कोणी जेवायला बसत नाही.

लेलंड क्विलनं आयुष्यात कधी हशा तुडवला नव्हता. उंच, शिडशिडीत, बँकेच्या मॅनेजरसारखा दिसणारा माणूस, कोटाला सुरकुती नाही. लॉटीची आणि त्याची गाठ पडली ती टोलीडोच्या एका नाट्यगृहात. ती तेव्हा एका कुत्र्यांच्या खेळात कुत्र्यांना उडी मारायला कडी धरून उभी राहायची. लेलंडचा खुळा जोडीदार त्या दिवशी एका पोरीशी लग्न करून दुपारच्या गाडीनं पळाला होता, आणि संध्याकाळचा प्रयोग अंगावर आला होता. मालकानं लॉटीला ढकललं. चार ओळी तिनं पाठ केल्या होत्या, त्याही उजेडात गेल्यावर विसरली आणि घाबरून तोंडाला येईल ते बोलत सुटली. लोक हसले. लेलंड शांतपणे थांबला, जणू हे सगळं महिनाभर घोटून बसवलंय, आणि तिच्या प्रत्येक मूर्खपणाला साजेसा असा पुढचा प्रश्न त्यानं विचारला. हा माणूस आपल्याला पडू देणार नाही, हे तिला त्या पहिल्याच संध्याकाळी कळलं.

अ‍ॅक्रनच्या स्टेशनावर हॅमचं सँडविच खाता खाता त्यानं लग्नाचं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "उत्तर शहाणी म्हणून देऊ की खुळी म्हणून?"

"शहाणी बाई हो म्हणायची नाही," लेलंड म्हणाला.

"मग हो," लॉटी म्हणाली.

तेव्हापासून 'क्विल आणि लॉटी' ही जोडी गावोगाव फिरली. कसरतवाले, गाणारे, जादूगार आणि शिकवलेले सील प्राणी यांच्या मधे त्यांची पंधरा मिनिटं असत. बोलपट आले, तशी एकेक नाट्यगृहं खेळ बंद करून पडदे लावू लागली. बरोबरीच्या जोड्यांपैकी कुणी विमा विकू लागलं, कुणी मद्यपानगृह काढलं. या दोघांनी दोनचार छोट्या बोलपटांत कामं केली, रेडिओवर हजेरी लावली, उन्हाळ्यात डोंगरातल्या हॉटेलांत पाहुण्यांना हसवलं. लॉटीला हे सोडून दुसरं काही करायचंच नव्हतं. सासरमाहेर सगळं तिला या पंधरा मिनिटांत मिळत होतं. तिची बहीण दर नाताळला सांगायची की आता पुरे, डेटनला परत ये, आणि लॉटी दर नाताळला मान डोलावून पुढच्या गावाचं तिकीट काढायची.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या सुमाराला ईरी गावात तो प्रकार घडला. दुपारच्या प्रयोगात लॉटीनं नवऱ्याच्या बॉसला कुत्र्याचं खाणं वाढल्याची गोष्ट सांगितली. हमखास हशाची जागा ती. लोक हसत होते, हशा अजून चढत होता, आणि लेलंडनं पुढचा प्रश्न विचारून टाकला. प्रश्न कुणाला ऐकू गेला नाही, त्यामुळे उत्तराला कुणी हसलं नाही. विंगेत येताच लॉटीनं त्याला फैलावर घेतलं. तिला वाटलं, इतक्या वर्षांनी याला आपल्या हशाचा हेवा वाटायला लागला. लेलंड म्हणाला, तुझं काहीतरीच, हशा संपला होता. रात्रीच्या प्रयोगात त्याच जागी पुन्हा तेच झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आरशापुढे दाढी करत असताना लॉटी त्याच्या पाठीमागे उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "लेलंड, घराला आग लागली आहे." तो वस्तरा फिरवत राहिला. मग आरशात ती दिसली, तेव्हा हसून म्हणाला, "उठलीस का?" लॉटी पलंगाच्या कडेवर बसली. रडू आलं नाही. टोलीडोनंतर पहिल्यांदा तिची पाचावर धारण बसली.

डॉक्टर म्हणाले, कानाची शीर मरते आहे, उपाय नाही. कानात घालायचं यंत्र मिळालं, त्याची तार कोटाच्या खिशातल्या डब्यापर्यंत जायची. त्यातून लोकांचं हसणं पत्र्यावर खडी ओतल्यासारखं येई, शिवाय डबा मधेच शिट्टी मारी. लेलंडनं तो एक दिवस लावला आणि पेटीत ठेवून दिला. मग त्यानं लॉटीला शपथ घातली, कुणाला म्हणजे कुणालाही सांगायचं नाही. लॉटीनं देवाची शपथ घेतली. तो म्हणाला, देवाची शपथ तू दर रविवारी मोडतेस, बापाच्या सुरीची घे. तिनं सुरीची घेतली.

त्याचं म्हणणं बरोबरच होतं. बहिरा शहाणा कोण ठेवणार? आणि त्याहून वाईट म्हणजे धंद्यातले जुने मित्र पाठीवर हात ठेवून हळहळले असते. लेलंड उपाशी राहिला असता, पण ते त्याला सोसलं नसतं.

मग लॉटीनं स्वतःच्या खुळेपणातच तोड शोधून काढली. रंगमंचावरची खुळी बायको आता नवऱ्याचा कोपर दोन्ही हातांनी धरून लोंबकळू लागली. लोकांना वाटे, काय चिकट बाई आहे! तिनं कोपर दाबून धरला की थांबायचं, सोडला की बोलायचं. तिची वाक्यं तो ओठांवरून वाचायचा, आणि तशीही त्याला ती झोपेत पाठ होती. म्हणजे सगळं शहाणपण आता खुळीच्या हातात आलं होतं. पाटीवर मात्र नाव क्विलचंच आधी राहिलं. एका हॉटेलवाल्यानं 'लॉटी आणि क्विल' असं छापलं, तेव्हा लॉटीनं सगळे कागद भिंतीवरून उतरवायला लावले आणि नव्यानं छापून येईपर्यंत ट्रंक उघडली नाही.

अशी सात वर्षं गेली. तोवर घरोघर टेलिव्हिजनची पेटी आली होती, आणि पेटीला रोज रात्री माणसं लागत होती. ज्यांना कालपर्यंत कुणी विचारत नव्हतं, त्या जुन्या जोड्यांना शोधून शोधून बोलावणी जाऊ लागली. क्विल आणि लॉटीलाही आलं. गॅसच्या चुली बनवणाऱ्या एका कंपनीनं जाहिरातीसाठी शनिवारचा अर्धा तास विकत घेतला होता आणि कार्यक्रम बसवायचं काम एका जाहिरातवाल्याला दिलं होतं. त्याचं नाव ड्रमगूल. वय लहान, उत्साह मोठा आणि मिशा एवढ्या जाड की वरचा ओठ दिसायचाच नाही. माणूस वाईट नव्हता. पण लेलंडला त्याच्या तोंडातून निघालेला एक शब्द वाचता येईना, आणि लेलंड उत्तर देत नाही म्हटल्यावर ड्रमगूलनं ठरवून टाकलं की हा जुना नट शिष्ट आहे.

खरी अडचण दृश्याची होती. चुलीच्या कंपनीला चूल दिसायला हवी, म्हणून स्वयंपाकघर उभं केलं होतं. शेजारी जेवणाची खोली. मधे एक खोटी भिंत, आणि भिंतीला बशा पलीकडे सरकवायची एक लहानशी खिडकी. एक कॅमेरा बायकोवर, एक नवऱ्यावर. नवरा टेबलाशी पेपर वाचत बसणार, बायको भिंतीपलीकडे चुलीपाशी. टेबल खिडकीपासून इतकं दूर की हात पोचणं शक्य नाही. लॉटीनं खुळेपणानं विचारून पाहिलं, स्वयंपाक करताना नवरा जवळ नसेल तर मला मीठ घालायचं सुचत नाही, त्याला इकडेच आणलं तर? ड्रमगूल हसला आणि भिंत तिथंच राहिली.

पहिल्या तालमीत लेलंडनं तीन जागी घाई केली आणि दोन जागी उशीर. तालीम संपल्यावर ड्रमगूलनं लॉटीला एकटीला खोलीत बोलावलं. कॉफी मागवली. खूप गोड बोलला. तुमच्यासारखी बाई देशात नाही म्हणाला. आणि मग म्हणाला की मिस्टर क्विल आता थकलेत, त्यांच्या जागी एक तरुण, देखणा नट त्याच्या मनात आहे.

"मिस्टर ड्रमगूल," लॉटी म्हणाली, "अर्धी जोडी चपलांच्या दुकानातसुद्धा विकत नाहीत."

"मिसेस क्विल, मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

"माझं भलं बाहेर कोट घालून उभं आहे. ते असेल तर मी आहे, नाहीतर चुलीवर तुम्हीच पॅनकेक भाजा."

ड्रमगूलला हे अपेक्षित नव्हतं. खुळी बाई हो म्हणेल असं त्याला वाटलं होतं. शेवटी असं ठरलं की हा शनिवार बघायचा. कार्यक्रम थेट जातो, चूक झाली तर ती देशभर दिसते. शनिवारी तालमीसारखं झालं, तर सोमवारी टेबलाशी दुसरा नवरा बसेल, आणि ते पटत नसेल तर लॉटीनंही घरी जावं. लॉटी म्हणाली, ठीक आहे. बाहेर आली तेव्हा लेलंडनं भुवया उंचावून काय झालं म्हणून विचारलं. तिनं त्याला सगळं सांगितलं, तो तरुण देखणा नटही वगळला नाही. खोटं बोलायची सवय तिला फक्त रंगमंचावर होती.

लेलंडनं आधी कोटाची बटणं लावली. मग म्हणाला, "घे तो पोरगा. मी खरंच सांगतोय, लॉटी."

"तू मला टोलीडोत पडू दिलं नाहीस," लॉटी म्हणाली. "आता गप्प बस आणि मला विचार करू दे."

विचार करून ती सामानाच्या कोठीत गेली आणि कपडे वाळत घालायची दोरी घेऊन आली. दुसऱ्या दिवशीच्या तालमीत खुळ्या बायकोनं दोरीचं एक टोक स्वतःच्या एप्रनला बांधलं, दोरी भिंतीतल्या खिडकीतून पलीकडे नेली आणि दुसरं टोक नवऱ्याच्या मनगटाला बांधलं. मागच्या वेळी माझा स्वयंपाक बघून हा पळून गेला होता, असं तिनं कारण दिलं. कॅमेरावाले हसले. ड्रमगूलही हसला आणि दोरी ठेवा म्हणाला. दोरी ताणलेली असली की लेलंडनं थांबायचं, सैल झाली की बोलायचं. शुक्रवारपर्यंत दोघांनी ती इतकी घोटली की एकही जागा चुकेना. आता कोण काढतो बघू माझ्या नवऱ्याला, असं लॉटी मनाशी म्हणाली, आणि घरी जाऊन बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली नव्हती. खाटकाच्या मुलीच्या लक्षात यायला हवी होती. तालमीत चूल पेटवत नसत. दिव्यांनीच इतकं उकडायचं की वर जाळ कशाला, असं सगळ्यांचं मत. शनिवारी मात्र चुलीच्या कंपनीचा माणूस स्वतः आला आणि चारही शेगड्यांना जाळ लावून गेला. जाळ दिसला नाही तर चूल कशी विकली जाणार?

कार्यक्रम सुरू झाला. समोर खुर्च्यांवर माणसं होती, आणि त्यांच्या मागे, न दिसणारी, घराघरांतली माणसं. पहिली पाच मिनिटं लोण्यासारखी गेली. दोरी ताणली, लेलंड थांबला. दोरी सैल झाली, लेलंड बोलला. काचेपलीकडच्या खोलीतून बघणारा ड्रमगूल मान डोलावत होता. मग लॉटी पॅनकेक उलटायला वळली आणि दोरी जाळावर गेली.

आधी धूर आला. लोकांना वाटलं, हे ठरवलेलंच आहे. लॉटीनं उलथन्यानं दोरीवर फटका मारला, लोक हसले. दोरी पेटली. तिनं त्यावर दुधाचं भांडं ओतलं आणि चुकून निम्मं स्वतःच्या बुटांत ओतलं. सबंध हॉल हसायला लागला. असा हशा वर्षातून एखादेवेळी मिळतो. दोरी जळून तुटली होती. भिंतीपलीकडे लेलंडच्या मनगटाचा ताण गेला. सैल झाली म्हणजे बोलायचं. त्या सगळ्या हशाच्या ऐन मध्यावर त्यानं पेपर खाली न घेता विचारलं, "लॉटी, आज जेवायला पाहुणे कोण आहेत?"

कुणालाच ऐकू गेलं नाही. दोरी सैलच होती, म्हणून त्यानं पुढचाही प्रश्न विचारला. लोक हसायचे थांबले, कारण नवरा काहीतरी बोलतोय आणि ते आपलं हुकलं असं त्यांना वाटलं. लॉटीनं उत्तर दिलं. उत्तर विनोदी होतं, पण प्रश्नच पोचला नव्हता. कुणी हसलं नाही. हॉल गार पडला. काचेमागे ड्रमगूलनं कानांवरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

लॉटीला सगळं स्पष्ट दिसलं. अजून निम्मा खेळ बाकी होता. लेलंड प्रत्येक हशा तुडवणार, लोक त्याला निर्बुद्ध म्हणणार आणि सोमवारी त्या खुर्चीवर दुसरा बसणार. भिंतीला वळसा घालून त्याच्याकडे जायचं तर चूल पेटलेली, आणि कॅमेऱ्यासाठी जमिनीवर आखलेली खडूची रेघ ओलांडली की ती चित्रातूनच गायब. हातात एकच गोष्ट होती, आणि त्या गोष्टीवर बापाच्या सुरीची शपथ होती. ठरवायला फार वेळ नव्हता. तिनं ठरवलं.

तिनं शेगड्या बंद केल्या आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. भिंतीपलीकडे लेलंडनं तेवढ्यात दोरी ओढून बघितली होती, आणि जळकं टोक त्याच्या हातात आलं होतं. त्यानं वळून खिडकीकडे पाहिलं.

"मंडळी, तुम्ही हसा," लॉटी आपल्या खुळ्या आवाजात म्हणाली, "पण हसून झालं की मला सांगत जा. ह्या माणसाला ऐकू येत नाही. सात वर्षं झाली. मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका."

सगळ्या देशाला गुपित सांगून, सांगू नका म्हणणारी बाई! हॉल हशानं दणाणला. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थानं चष्मा काढून डोळे पुसले. लॉटी मात्र हसणाऱ्यांकडे बघत नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती. त्यानं तिचा शब्द न् शब्द ओठांवरून वाचला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला. आता हा उठून जाईल, असं तिला वाटलं, आणि गेला तर त्याला बोल लावायचा तिला हक्क राहिला नव्हता.

लेलंड उठला नाही. त्यानं पेपराची घडी घातली, ती टेबलाच्या कडेशी नीट लावली, हात कानामागे धरला आणि बँकेच्या मॅनेजरच्या आवाजात विचारलं, "काय म्हणालीस?"

शहाण्याला हशा मिळत नाही, तो त्याचा धंदाच नव्हे. पण मघाच्या आगीला जे हसले होते, ते आता खुर्च्यांच्या दांड्या धरून हसले. लेलंड थांबला. इशारा द्यायला दोरी नव्हती, कोपर नव्हता. त्याची नजर समोरच्या कॅमेरावाल्यावर गेली. तो जाडजूड माणूस आवाज होऊ नये म्हणून ओठ चावून हसत होता आणि त्याचे खांदे गदगदत होते. लेलंडनं त्या खांद्यांवर नजर ठेवली. खांदे हळू झाले. पुरते थांबायच्या आत लेलंड बोलला, "आणि जरा मोठ्यानं बोल. पाहुण्यांसमोर पुटपुटू नये."

जागा बिनचूक पडली. लॉटीनं खिडकीतून डोकं आणखी पुढे काढलं. मग तिनं आवाज चढवला, "मी म्हटलं, तू बहिरा आहेस!"

खांदे थांबत आले. "असलं मी मुळीच ऐकून घेणार नाही," लेलंड म्हणाला.

उरलेला खेळ असाच गेला. लिहिलेलं सगळं त्यांनी चुलीत घातलं. ती ओरडे, तो कानाला हात लावी, आणि एकही हशा तुडवला गेला नाही. शेवटी ड्रमगूल काचेमागून धावत बाहेर येताना, पुन्हा कानांवर चढवलेल्या हेडफोनची तार दारात अडकली.

दोघं कपडे बदलायच्या खोलीत आली. लॉटी बुटांतलं दूध मोरीत ओतत होती. लेलंड आरशासमोर कॉलर सोडत होता.

"शपथ मोडलीस," तो म्हणाला.

लॉटी वळली, तिचा चेहरा त्याला दिसावा म्हणून. "मोडली."

"सगळ्या देशासमोर."

"हो. आणि देशातल्या एकाही माणसाचा विश्वास बसला नाही." तिनं ओले बूट खाली ठेवले. "तू गेला असतास तर मी तुझ्यामागे आले असते, लेलंड. एवढंच सांगते. मला तुझ्याशिवाय एकटीला खुळी व्हायचं नाही."

लेलंडनं कॉलर खुंटीला लावली. राग होता, तो त्याच्या मानेवर दिसत होता. पण रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं. "मला लोक हसले," तो म्हणाला. "मला, लॉटी. मी बघितलं."

दार वाजलं. लॉटीला ऐकू आलं. ड्रमगूल आत आला तो दोन्ही हात पसरूनच. टेलिफोन थांबत नाही म्हणाला. कंपनीचे मालक स्वतः बोलले. बहिरा नवरा आणि बडबडी बायको, हे आता दर शनिवारी हवं. काय सुचलं हो तुम्हाला ऐनवेळी! आणि मग तो गंभीर झाला, खुर्ची ओढून लेलंडसमोर बसला. त्या जाड मिशांमुळे लेलंडला काही कळेना. त्यानं लॉटीकडे पाहिलं. लॉटी नवऱ्यासमोर उभी राहिली आणि ड्रमगूल बोलेल तसं ओठ हलवत, जणू कौतुकानं, त्याचं वाक्य न् वाक्य पुन्हा म्हणत गेली. ड्रमगूलला त्याचं काही वाटलं नाही. खुळ्या बाईकडून त्याची तेवढीच अपेक्षा होती.

"मिस्टर क्विल, आजचं ठीक झालं," ड्रमगूल म्हणाला. "पण एक दिवस कानाला हात लावणं वेगळं आणि दर आठवड्याला बहिरा वठवणं वेगळं. लोकांना खोटेपणा लगेच कळतो. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. बारकावे अजून येत नाहीत तुम्हाला. जमेल का?"

लेलंडनं लॉटीचे ओठ शेवटपर्यंत वाचले. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"जमेल," तो म्हणाला. "सराव करावा लागेल."

"एखादा खरा बहिरा माणूस गाठा," ड्रमगूलनं सल्ला दिला. "चार दिवस त्याच्याबरोबर काढा. तो कसा बसतो, कसा बघतो, नीट पाहून ठेवा."

हे लॉटीनं कसंबसं पुन्हा म्हटलं. लेलंडनं विचार केल्यासारखं केलं आणि मान हलवली. "एक आहे माझ्या ओळखीचा," तो म्हणाला. "जरा शिष्ट आहे, पण बघतो विचारून."

लॉटी रंगमंचावर आयुष्यात कधी हसली नव्हती. खुळ्यानं स्वतः हसायचं नसतं. पण हा रंगमंच नव्हता. ती जी हसायला लागली ती भिंतीला टेकून खाली जमिनीवर बसली. सात वर्षं दाबून धरलेली भीती, खोटेपणा आणि शिणवटा सगळा त्या हसण्यातून बाहेर पडत होता. मधेच तिला रडूही आलं आणि रडता रडता ती पुन्हा हसली. ड्रमगूल उठून पाणी आणायला निघाला, काहीतरी विचारायला लागला, तेव्हा लेलंडनं हात वर करून त्याला थांबवलं. बायकोच्या चेहऱ्यावर नजर ठेवून तो उभा राहिला. हसणं माथ्यावर आलं, उतरायला लागलं, आणि तिनं एप्रननं डोळे पुसले, तेव्हा कुठे तो ड्रमगूलकडे वळला.

"सोमवारी तालीम किती वाजता?" त्यानं विचारलं.